पावसाळा लागला अन् वावरातला मेश वायफाय पडायला लागला, तीन नंबरचा नोड रोज रात्री गायब

बागवाला_वरुड:

नमस्कार मंडळी, वरुड तालुक्यातून लिहितोय. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

गावात घरी फायबर आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन. वावर गावाबाहेर, संत्र्याची बाग. बागेत मोबाईलला रेंज असून नसल्यासारखी, विहिरीजवळ एक कांडी येते ती पण टिकत नाही. आता आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत, म्हणजे तोडणी होईपर्यंत राखण आलीच, आधी चार पायाची डुकरं अन् फळ मोठं झालं की दोन पायाची. म्हणून कॅमेरे लावायचं ठरवलं आणि एप्रिलमधे चार आउटडोर मेश एपी घेतले, म्हणजे एकमेकांना हवेतून जोडून वायफाय पुढं नेणारे डबे, त्यांनाच नोड म्हणतात. ड्युअल बँड, आयपी ६५ म्हणजे धुळी-पाण्याला टिकणारे, ओम्नी म्हणजे चहूबाजूला सिग्नल पसरणारी अँटेना. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडंच जाते.

मांडणी अशी आहे. पहिला नोड घराच्या स्लॅबवर टाकीजवळ, तो केबलने राउटरला. दुसरा चुलतभावाच्या गोठ्यावर, पहिल्यापासून ३५० मीटर. तिसरा विहिरीवरच्या मोटारघरावर, दुसऱ्यापासून ६०० मीटर, तिथं दोन कॅमेरे. चौथा बागेच्या पलीकडं शेजारच्या काकांच्या फार्महाऊसवर, तिसऱ्यापासून ४०० मीटर, तिथं एक कॅमेरा. अंतरं नकाशावर मोजलेली आहेत.

लाइट: पहिला अन् दुसरा घरच्या लाइटवर इन्व्हर्टरसकट. तिसरा सोलरवर, कारण कृषी फिडरचा भरवसा नाही, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. १६५ वॉटचं पॅनल, १२ व्होल्ट ४० एएचची साधी बॅटरी, त्यावर छोटा इन्व्हर्टर आणि त्याला एपीचं अन् कॅमेऱ्याचं अडॅप्टर लावलंय. चौथा काकांच्या इन्व्हर्टरवर.

एप्रिल-मेमधे एकदम झकास चालला. जुलैपासून तिसरा नोड रात्री अडीच-तीनला जातो आणि सकाळी नऊच्या पुढं आपोआप येतो, त्याच्यासोबत चौथा पण जातो. शिवाय दिवसा पाऊस नसला तरी कॅमेरे अडकत अडकत चालतात. ॲपमधे तिसऱ्याचा सिग्नल एप्रिलमधे -६२ होता, आता -७९ ते -८४ (आकडा जितका खाली तितका सिग्नल कमजोर). एक गंमत म्हणजे चौथा नोड कधीकधी तिसऱ्याला सोडून सरळ घरच्या नोडला चिकटतो, -८२ वर, आणि तेव्हा त्याचा कॅमेरा कसाबसा चालतो.

दुकानदार म्हणतो मधे अजून एक नोड घ्या. घेऊ का?

टॉवरवाला_नागपूर:

नोड घेऊ नका, थांबा. दुकानदाराला नोड विकायचाय.

तुमच्या लिहिण्यावरून मला हे दोन वेगवेगळे आजार दिसतात आणि दोन्ही एकाच नोडला झालेत म्हणून गोंधळ होतोय. आधी एक काम करा, सकाळी तो नोड परत आला की कंट्रोलरमधे किंवा ॲपमधे तिसऱ्याचा आणि चौथ्याचा अपटाइम, म्हणजे तो सलग किती वेळ चालू आहे ते, बघा. अपटाइम पुन्हा शून्यापासून सुरू झाला असेल तर नोडचा करंट गेला होता. अपटाइम कित्येक दिवसांचा असेल आणि फक्त कनेक्शन तुटलं असेल तर रेडिओची भानगड. हा एक आकडा न बघता लोक हजारो रुपयांचं सामान बदलतात.

आणि हे पण सांगा: दुसऱ्या-तिसऱ्या नोडच्या मधे काय आहे, कोणती झाडं, किती उंच? पाइप किती फुटाचे? चॅनल आणि चॅनलची रुंदी काय ठेवलीय? चौथ्यापासून घरच्या स्लॅबपर्यंत मधे काय लागतं?

सिम_झिंदाबाद:

एवढा पसारा कशाला भाऊ, ४जी सिमवाले सोलर कॅमेरे येतात, लावा अन् मोकळे व्हा. वायफायचं लफडंच नको.

तारवाला_दर्यापूर:

सिमवाले भाऊ, त्याईनं वरच लिवलं का तिथं एक कांडी येते म्हणून. कॅमेऱ्याले अपलोड पायजे, एका कांडीत काय घंटा अपलोड होते. आमच्या खारपाणपट्ट्यात दोन ठिकाणी थे सिमचे कॅमेरे पाह्यले, रिचार्ज संपला का कॅमेरा आंधळा, अन् चोर काय रिचार्ज पाहून येते का. रेंज चांगली असंल त गेटवर एखादा लावाले हरकत नाही, नेट गेलं तरी तेवढा चालू रायते.

बागवाले भाऊ, रेडिओचं थे टॉवरवाले दादा सांगून रायले, म्या वायरीचं सांगतो. पावसाळ्यात फॉल्ट पाहाले गेलं का आधी वायर पाहा लागते. केबल जिथून एपीत शिरते तिथं खाली झोल ठेवला का? म्हंजे वायर आधी एपीच्या खाली लोंबली पायजे अन् मंग वर चढली पायजे, पाणी त्या झोलावरून टपकून जाते. झोल नसला त पाणी वायरीच्या अंगानं थेट आरजे ४५ मधे. तो कनेक्टर काढून पाय, पिनाईवर हिरवट काही चढलं असंल त कापून नवा मार, घासून चालत नाही. अन् रबराची गाठ जे कंपनी देते थे लोकं फेकून देते, जाड केबल त्यातून जात नाही म्हणून. थे बसवाच लागते.

दुसरं, केबल कोणती हाय? घरातली पांढरी असंल त आपल्याकडचा एक मे महिना काढत नाही, ४५-४६ डिग्रीत वरचं कव्हर पापडावानी तडकते अन् मंग पावसात पाणी आतून चालत खालपर्यंत येते. काळी, उन्हाची, आउटडोर म्हणून येते थे घ्या. अन् आत शुद्ध तांबं पायजे. एक तार सोलून पात्यानं खरवडून पाहा, आतून पांढरी निंगाली का समजा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा हाय. दुकानात तिले सीसीए म्हणते. घरात चालून जाते, पण पीओईचा, म्हंजे नेटच्या केबलीतूनच जाणारा, करंट अन् लांब अंतर असलं का तिच्यात व्होल्टेज पडते, अन् एपी रातच्याले कॅमेऱ्याच्या लाइटा लागल्या का रिस्टार्ट माराले लागते.

बागवाला_वरुड:

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांना सांगतो.

आज सकाळी अपटाइम बघितला. तिसऱ्याचा फक्त काही मिनिटांचा, म्हणजे रात्री बंदच पडला होता. चौथ्याचा महिन्याच्या वर, म्हणजे तो चालू होता पण त्याला कोणी वाली नव्हता.

दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे आमच्या धुऱ्यावर सागाची रांग आहे, बाबांनी लावलेली, ३५-४० फूट झाली असतील. एप्रिलमधे लावताना गोठ्यावर उभं राहून मोटारघर स्पष्ट दिसत होतं, आता तिकडं बघितलं तर नुसती हिरवी भिंत. गोठ्यावरचा पाइप १० फुटाचा, मोटारघरावर १२ फुटाचा. चौथ्यापासून घर सरळ रेषेत ११०० मीटर, तिकडं पांदण रस्ता आहे, त्याच्या बाजूने मोकळं आहे, मधे काकांची सोयाबीन अन् थोडी तूर. गच्चीवरून आमची टाकी दिसते. एकच बाभूळ जरा आडवी येते.

चॅनल ऑटो, रुंदी ८० मेगाहर्ट्झ, आली तशीच ठेवली. केबल काळीच आहे पण झोल नाही, आणि रबराची गाठ डब्यातच राहिली वाटतं.

टॉवरवाला_नागपूर:

सागाची रांग! बस, मला हेच ऐकायचं होतं.

साग उन्हाळ्यात पान गाळतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. एप्रिलमधे त्या रांगेत नुसत्या काड्या होत्या, लिंक त्यातून आरपार गेली. पाऊस पडला, हाताएवढी पानं फुटली, आणि पान म्हणजे शेवटी पाणीच. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल ओल्या पानात विरतो. -६२ चं -८० झालं म्हणजे १८ डीबी गेले, म्हणजे पोचणारी ताकद साठाव्या हिश्श्यापेक्षा खाली आली. यात एपीचा काही दोष नाही. विदर्भात, खास करून साग-पळसाच्या पट्ट्यात, लाइन ऑफ साइट बघायची तर ऑगस्टमधे बघायची. उन्हाळ्यात बघितलीच तर मधे कोणतं झाड आहे आणि ते पावसाळ्यात कसं दिसतं ते विचारून बघायची.

मधे अजून एक नोड टाकला तर काय होईल? मेशमधे एकाच रेडिओवरून ऐकायचं आणि त्याच रेडिओवरून पुढं ढकलायचं असतं, त्यामुळं प्रत्येक उडीला स्पीड साधारण अर्धा होतो. तुमच्या आताच तीन उड्या आहेत, चौथी केली की कॅमेरे अजून अडकतील. शिवाय नोड धुऱ्यावर ठेवला तर त्याला लाइट कुठून देणार?

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. चौथा नोड ओम्नी अँटेनावर, ११०० मीटरवरून, बाभूळ आडवी असताना घरच्या नोडला -८२ वर चिकटतो. म्हणजे ती वाट मोकळी आहे. मग तिथून जा ना. घराच्या स्लॅबवर एक आणि काकांच्या गच्चीवर एक अशी ५ गिगाहर्ट्झच्या सीपीईची, म्हणजे एकाच दिशेला नेम धरून लावायच्या रेडिओची, जोडी लावा, पॉइंट टू पॉइंट म्हणजे थेट समोरासमोर. १३ डीबीआयच्या अँटेनावाले दोन घेतले आणि पॉवर २० डीबीएम ठेवली तर ११०० मीटरला हिशेबाने सिग्नल -६२ च्या आसपास यायला पाहिजे, वाट मोकळी असेल तर. चौथा नोड मग त्या सीपीईला केबलने जोडायचा, म्हणजे तो पण घरच्यासारखाच मूळ नोड झाला. आणि तिसरा नोड चौथ्याला मेशने, एकच उडी, ४०० मीटर, मधे फक्त संत्रा. दुसरा नोड गोठ्यापुरता घरच्या नोडवर राहू द्या. मेश हा वस्तीत, गोठ्याभोवती, बागेत पसरायला चांगला. लांबची उडी मारायला तो बनलेला नाही.

फक्त "टाकी दिसते" एवढ्यावर जाऊ नका. दोन अँटेनांच्या मधल्या सरळ रेषेभोवती फुगीर जागा मोकळी लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात, सगळ्यात जास्त मधोमध. ११०० मीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झला मधोमध तिची त्रिज्या ३.८ मीटरच्या आसपास येते, त्यातली निदान ६० टक्के मोकळी पाहिजे, म्हणजे रेषेच्या खाली-वर-बाजूला साधारण साडेसात फूट. सोयाबीनचा प्रश्नच नाही, तुरीचा पण नाही, बाभळीच्या फांद्या मात्र काढाव्या लागतील किंवा सीपीई गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवा.

सिम_झिंदाबाद:

मग ते सागच तोडून टाका की, आडवेच येतात तर.

तारवाला_दर्यापूर:

लय हुशार हायस बापा. साग स्वतःच्या वावरातला असला तरी परवानगी काढा लागते, १९६४ चा कायदा हाय वृक्षतोडीचा, साग त्याच्या यादीत हाय. अन् वायफायसाठी बापानं लावलेला साग तोडला म्हणून गावात नाव निंगन थे येगळंच.

मास्तर_धारणी:

मी सोलरवर बोलतो, कारण आमच्या मेळघाटात त्याशिवाय पर्याय नसतो.

बागवाले, तुमचा रात्री अडीच-तीनचा हिशेब कागदावर अगदी बरोबर बसतो, बघा. एपी ८ वॉट, दोन कॅमेरे रात्रीच्या लाइटसकट ५-५ वॉट धरले, झाले १८. आणि जो छोटा इन्व्हर्टर लावलाय तो रिकामा चालायलाच ८ वॉटच्या आसपास खातो, कोणी मोजत नाही. एकूण २६ वॉट. बॅटरी १२ व्होल्ट ४० एएच म्हणजे ४८० वॉट-अवर. एप्रिलमधे ती संध्याकाळी पूर्ण भरलेली असायची, रात्रभरात सत्तर टक्के रिकामी व्हायची, पण निभायचं. साध्या बॅटरीला रोज एवढं खाली नेणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं, ते उन्हाळ्यातच चालू होतं. आता ढगाळ दिवसात ती अर्धीच भरते, २४० वॉट-अवर भागिले २६ म्हणजे नऊ-सव्वानऊ तास. संध्याकाळी साडेपाचला पॅनलने हात टेकले की अडीच-पावणेतीनला अंधार.

उपाय आधी फुकटातला: इन्व्हर्टर काढा. १२ व्होल्टचा २३० करायचा आणि अडॅप्टरने परत २४ किंवा ४८ करायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? १२ व्होल्टवरून थेट पीओई देणारे डीसी इंजेक्टर मिळतात. कॅमेरे बहुतेक १२ व्होल्टचेच असतात, पण सोलरच्या बॅटरीचं व्होल्टेज चार्जिंगच्या वेळी १४ च्या वर जातं, म्हणून कॅमेऱ्याच्या आधी १२ व्होल्टचा कन्व्हर्टर टाका, थेट जोडू नका. एपीला कोणतं पीओई लागतं ते मात्र नीट वाचा. काही एपी २४ व्होल्टचे पॅसिव्ह असतात, काही ८०२.३एएफ म्हणजे ४८ व्होल्टवाले, काहींना दोन्ही चालतं. फक्त २४ वाल्याला पॅसिव्ह ४८ दिलं तर तो गेलाच.

इन्व्हर्टर गेला की रोजची गरज ६२४ वरून ४३२ वॉट-अवरवर येते. पावसाळ्यात आपल्याकडं अडीच-तीन तासांचं खरं ऊन धरायचं, त्यापेक्षा जास्त नाही. १६५ चं एक पॅनल नुकसान वजा जाता जेमतेम तीनशे देईल, तेव्हा तसंच दुसरं पॅनल शेजारी लावा. बॅटरी आता नाहीतरी थकली असणार, बदलाल तेव्हा लिथियम फॉस्फेटची १०० एएच घ्या, ढगाळ दोन दिवस निघून जातील. फक्त चार्ज कंट्रोलरमधे बॅटरीचा प्रकार बदलायला विसरू नका, आणि ती बॅटरी पत्र्याच्या पेटीत उन्हात ठेवू नका.

अवांतर: झाडांतून जायचं तर फ्रिक्वेन्सी जेवढी खाली तेवढं बरं. आयआयटी मुंबईने पालघर भागातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यात, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधे, नेट पोचवायची ट्रायल केली होती ती ह्याच कारणाने. तो पट्टा आपल्याला वापरता येत नाही. पण तुम्हाला मोटार चालू-बंद किंवा मातीतला ओलावा एवढंच बघायचं असेल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवरचं लोरा, म्हणजे थोडासाच डेटा पण लांबवर नेणारा रेडिओ, सागातून सुद्धा जातं आणि परवाना लागत नाही. कॅमेरा त्यावर चालणार नाही, तेवढी रुंदीच नाही त्यात.

बागवाला_वरुड:

मास्तर, पायरीवर बसून तुमचा हिशेब बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले मी तर पहिल्या दिवशीच म्हटलं होतं बॅटरी लहान आहे. आता घरात माझं काही खरं नाही.

काकांची गच्ची द्यायला ते तयार आहेत, पण त्यांना बदल्यात वायफाय पाहिजे, आणि त्यांच्या शेजारचे दोघं म्हणतात आम्हालाही द्या, महिन्याचे पैसे देतो. चालतं का?

आणि टॉवरवाले, सेटिंगचं जरा सविस्तर सांगाल का? सीपीई उद्या अमरावतीहून मागवतोय.

टॉवरवाला_नागपूर:

सांगतो. सगळ्यात आधी, वर चढवायच्या आधी सगळं घरी टेबलावर जोडून चालवून बघा. खांबावर चढून लॅपटॉप मांडीवर घेऊन पासवर्ड टाकणारे मी भरपूर बघितलेत. दोन्ही सीपीई एका खोलीत ठेवताना मधे काही मीटर अंतर ठेवा आणि पॉवर एकदम कमी करा, अगदी जवळून फुल पॉवरवर रिसीव्हर बधिर होतो आणि लिंक वेड्यासारखी वागते. फर्मवेअर दोघांचं सारखं करा. प्रत्येक डब्यावर मार्करने नाव, आयपी आणि मॅकचे शेवटचे चार अंक लिहा.

देश इंडिया निवडा, दुसरा कोणता देश टाकून पॉवर वाढवायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडं २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ विनापरवाना मोकळं झालंय, जागा भरपूर आहे. पॉइंट टू पॉइंटला वरचा भाग घ्या, १४९ किंवा १५७ चॅनल, हाताने फिक्स करा. मधले ५२ ते १४४ चॅनल डीएफएसमधे येतात, तिथं उपकरणाने रडारची चाहूल लागली की चॅनल सोडायचा असतो आणि नव्यावर जायच्या आधी निदान एक मिनिट नुसतं ऐकत बसायचं असतं. राखणीच्या कॅमेऱ्याला ते परवडत नाही.

रुंदी ८० वरून २० वर आणा. हो, २०. स्पीड कमी होईल पण रुंदी अर्धी केली की गोंगाट ३ डीबीने कमी होतो, ८० वरून २० म्हणजे ६ डीबी फुकटात. तुमचे तीन कॅमेरे एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) वर ठेवले तर प्रत्येकी २ एमबीपीएसच्या आसपास, त्याला ८० मेगाहर्ट्झ कशाला हवं?

सीपीई दोन्ही ब्रिज मोडमधे, एक एपी आणि एक क्लायंट, डब्ल्यूडीएस (पलीकडची उपकरणं जशीच्या तशी पार नेणारी सोय) चालू, आणि दोन्हीचा डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय, बंद. संपूर्ण जाळ्यात डीएचसीपी फक्त घरच्या राउटरचा. कुठं चुकून दुसरा चालू राहिला तर अर्धे कॅमेरे एका घरचे अन् अर्धे दुसऱ्या घरचे होतात. कॅमेऱ्यांना राउटरमधून आयपी बांधून द्या.

आता महत्त्वाचं. चौथा नोड केबलने जोडला की तो मूळ नोड होतो, पण दुसरा, तिसरा, चौथा हे सगळे एकमेकांना हवेतून पण ऐकतात. वायर आणि हवा अशा दोन वाटा झाल्या की लूप होऊ शकतो, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहतो आणि सगळं नेटवर्क गोठतं. म्हणून एसटीपी, म्हणजे लूप दिसला की त्यातली एक वाट बंद करणारी सोय, चालू ठेवा, आणि तिसऱ्या नोडच्या मेश सेटिंगमधे पसंतीचा पालक म्हणून चौथा निवडा, नाहीतर तो उन्हाळ्यात पानं गळाली की परत दुसऱ्याच्या प्रेमात पडेल. मेशचा ५ गिगाहर्ट्झ चॅनल पॉइंट टू पॉइंटपासून लांब ठेवा, उदाहरणार्थ ३६ ते ४८ मधला. फोनसाठी २.४ द्या, १, ६ किंवा ११, रुंदी २०.

मोटारघरावर ४०० मीटर संत्र्यावरून जायचंय. संत्रा बारमाही हिरवा, त्यामुळं उन्हाळा-पावसाळा फार फरक पडणार नाही, पण रेषा झाडाच्या शेंड्यावरून गेली पाहिजे. तुमची झाडं १५ फुटांची असतील तर मोटारघर अधिक १२ फुटाचा पाइप जमून जावा. ओम्नी अँटेना अगदी उभी ठेवा. तिचा पसारा बाजूला सपाट असतो, पाइप तिरपा झाला की एका बाजूने सिग्नल जमिनीत आणि दुसऱ्या बाजूने आभाळात. मोटारघराच्या अगदी खाली उभं राहून फोनला रेंज कमी दिसली तर घाबरू नका, ते त्याच कारणाने.

सीपीई नेम धरताना दोन माणसं लागतात, एक फोनवर आकडा वाचणारा. आधी आडवं पूर्ण फिरवून सगळ्यात चांगला आकडा शोधा, मग उभं. -५८ ते -६५ च्या मधे आलं की नटबोल्ट कसा. -७० च्या खालीच अडकलं तर नेम चुकलाय किंवा बाभूळ आडवी आहे, तसंच कसून निघून येऊ नका. आणि पुढं कधी फर्मवेअर बदलाल तेव्हा सगळ्यात लांबचा नोड आधी, घरचा शेवटी.

मास्तर_धारणी:

पैशाबद्दल: काकांना पासवर्ड देणं वेगळं आणि महिन्याचे पैसे घेऊन नेट वाटणं वेगळं. घरगुती प्लॅनच्या अटीत बहुतेक ठिकाणी पुढं विकायला मनाई असते, आणि इंटरनेट विकायला परवाना लागतो. सरळ मार्ग पीएम-वाणीचा, डिसेंबर २०२० मधे केंद्राने मंजूर केलेला. त्यात पीडीओ म्हणजे वायफाय देणारा छोटा दुकानदार, त्याला स्वतःला परवाना किंवा नोंदणी लागत नाही, पण पीडीओए म्हणून नोंदवलेल्या कंपनीशी जोडून घ्यावं लागतं, ती ग्राहकाची ओळख आणि हिशेब बघते. दोन घरांसाठी एवढा खटाटोप करायचा का ते तुम्ही ठरवा.

काकांना द्याल ते पण वेगळ्या एसएसआयडीवर, म्हणजे वायफायच्या वेगळ्या नावावर, गेस्ट करून. त्यांच्या पोरांच्या फोनवरून तुमचे कॅमेरे दिसायला नकोत, आणि स्पीडला मर्यादा घाला, नाहीतर आयपीएलच्या रात्री चोराचं फावेल. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, त्यावरून कोणी काय उद्योग केला तर पहिला फोन तुम्हालाच येईल.

बागवाला_वरुड:

पैसे घेत नाही, काकांना गेस्ट देतो, बाकीच्यांना नाही म्हणून सांगतो. शेजारी नाराज झाले तर झाले.

इन्व्हर्टर काल काढला, १२ वरून ४८ चा इंजेक्टर मोर्शीत मिळाला, एपीवर ८०२.३एएफ लिहिलेलं आधी तपासलं. ढग होते तरी तिसरा नोड काल पहाटे पाचपर्यंत टिकला. पॅनल अन् बॅटरी पोळ्यानंतर. बाभळीच्या दोन फांद्या काकांच्या सालदाराने काढून दिल्या. सीपीई आल्यावर आकडे टाकतो.

विजेचं काय करू? आमच्याकडं मृगात अन् परतीच्या पावसात विजा फार पडतात, मागं गावात एकाची म्हैस गेली.

तारवाला_दर्यापूर:

थेट पडली त काहीच वाचत नाही भाऊ, थे सोडून दे. पण आजूबाजूले पडली का केबलीतून जो झटका येते त्यासाठी इथरनेटचा सर्ज प्रोटेक्टर येते, गॅस ट्यूबवाला, पीओई चालणारा पाहून घे. केबलीच्या दोन्ही टोकाले लाव, एक एपीजवळ अन् एक खाली इंजेक्टरजवळ. त्याले अर्थिंगची तार रायते, थे लोकं तशीच लोंबत ठेवते, मंग त्याचा उपयोग काय? पाइपाले अन् प्रोटेक्टरले जाड तांब्याच्या तारेनं अर्थिंगच्या सळाकीले जोड, तार सरळ खाली ने, वेटोळे करू नको. मोटारघराचं अर्थिंग हाय म्हणून भरोसा ठेवू नको, बऱ्याच जागी तार नुसती मातीत खुपसलेली रायते, वायरमनले बोलावून मोजून घे. घराकडच्या बाजूनं प्रोटेक्टर लावशीनच, नाही त झटका राउटरमधून टीव्हीपर्यंत जाते.

वांदराईसाठी केबल काळ्या एचडीपीई पाइपातून ने, ठिबकचा जुना पाइप पडला असंल त तो चालते, दर हातावर क्लॅम्प मार. मोकळी केबल दिसली का थे झोका घेतेच.

अन् पाइप उभा करताना एक पाय, मोटारघराच्या वरून किंवा बाजूनं ११ केव्हीची लाइन गेली का? १२ फुटाचा जीआय पाइप आडवा-तिडवा झाला का तारेपर्यंत पोचते. पाइप आडवा पडला तरी तारेले लागणार नाही एवढी जागा सोडूनच उभा कर, अन् लाइन जवळच असंल त वायरमनले सांगून सप्लाय बंद करून घे, दुपारी वारा नसताना, दोन माणसं धराले.

बागवाला_वरुड:

लाइन आहे, मोटारघराच्या पूर्वेला, डीपीकडं जाणारी. मग पाइप पश्चिमेच्या भिंतीला घेतो, तिकडून काकांची गच्ची पण सरळ पडते. वायरमनला आजच फोन करतो.

तारवाला_दर्यापूर:

बरोबर. अन् झोल ठेवजो.